तेरा म्हणजे बाराच्या पुढचा

इद्रियात, अग्निशमन दलाच्या वरच्या खोलीत
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी टॅरोवाल्या जमतात.
खाली पोरं बंब धूत असतात. वर तादेया,
दिवसा औषधांच्या दुकानात असते ती,
जांभळं कापड पसरते, मेणबत्ती लावते
आणि धुराची घंटा बोंबलू नये म्हणून
खिडकी बोटभर उघडी ठेवते.

आम्ही नऊजणी.
नेझाला ल्युब्लियानातल्या नोकरीचं विचारायचं होतं,
बेकरीतल्या मार्येताला नवऱ्याचं.
माझं विचारायचं कोटाच्या खिशात होतं,
तीन आठवडे न फोडलेलं पाकीट,
त्यावर माझाच पत्ता, बहिणीच्या अक्षरात.
अकरा वर्षांनी.

साडेसहाला दार ढकलून विंको आले,
पाऱ्याच्या खाणीतले, कान टोपीत, बगलेत नाशपातीच्या दारूची बाटली.
पाटीवर होतं टारोट,
त्यांच्या चष्म्याने वाचलं होतं टारोक.
रबर लावलेला स्वतःचा जोड, गुण मांडायला पेन्सिल,
सगळी तयारीच.
आणि खोलीत नऊ बायका, एक मेणबत्ती.
"वीज गेली का?" त्यांनी विचारलं.

तादेयाला नाही म्हणता आलं नाही.
बसा म्हणाली, एक पत्ता काढा.
त्यांनी काढला. हाडांचा सापळा, हातात कोयता,
खाली कापलेली मुंडकी गवतासारखी.
खोली गप्प.
तादेया हलकेच सुरू झाली, याचा अर्थ तसा नसतो,
बदल असतो, जुनं काही सुटणं,
आणि विंकोंनी पत्ता मेणबत्तीजवळ धरला,
नुसता आकडा वाचला.
"तेरा.
बाराला मारतो, चौदाकडून मरतो.
वाईट नाही."

पहिली मार्येता हसली. मग थांबवेना कोणाला.

जांभळ्या कापडावर मग त्यांचाच जोड आला.
तीस वर्षं पाऱ्याने हातात कंप भरलेला.
पिसायला वेगळे कष्ट नाहीत, हे तेच म्हणाले.
त्यांच्या पत्त्यांवर ना सापळा, ना सैतान,
कोणी नाचतंय, कोणी बाजाराला निघालंय,
कोपऱ्यात आकडा, बस.
एकवीस सगळ्यांना खातो. त्याला खातो वेडा.
(हे आम्हाला पटलं.)
आणि हा पगात, हुकमातला एक,
सगळ्यांत किरकोळ, कोणीही उचलून नेतो.
पण मोठे एकमेकांत खर्ची पडेपर्यंत
जपलात याला, आणि शेवटचा हात यानेच केला,
तर त्याचे गुण वेगळे.
"पावलाला जमायचं," एवढंच म्हणाले
आणि नखाने डागावरचं मेण खरवडत राहिले.

तिसऱ्या डावात तो माझ्याकडे आला.
मी त्याला राजाच्या मागे लपवलं.
अठरा गेला, एकवीस गेला,
नेझाचा वेडा उगीचच गेला, तिला कळलंच नाही.
नोकरीचं ती विसरली होती.
मी श्वास धरून बसले, या वयात,
बोटाएवढ्या एका माणसासाठी.
शेवटचा हात.
मी पगात टाकला.
विंकोंनी सात टाकला.

दया नाही, माया नाही. पेन्सिल चाटून
माझ्या नावाखाली वजा मांडले,
थरथरता, पण स्पष्ट आकडा.
"दोन हात आधी तुमच्या तोंडावर दिसलं," म्हणाले.
"पुढच्या महिन्यात तोंड झाका."

तादेयाने खिडकी लावली. कापडावर
बाटलीचा गोल ओला डाग राहिला.
कोणाचं काहीच सांगायचं झालं नव्हतं.

आमच्या जिन्यातला दिवा वीस सेकंद जळतो.
तेवढ्यात पाकीट फाडता येतं,
वाकडंतिकडं, किल्लीने,
आणि पहिली ओळ वाचता येते:
तिकडे बर्फ पडला का?

मग अंधार.
मी भिंतीवर बटण चाचपलं.